यंत्रातली माया

मुलाचे कपडे शिवायला टाकताना आपल्याकडची आई शिंप्याला एक गोष्ट हमखास बजावते: "आत माया ठेवा हो, पोर वाढतं आहे." शिंपी मान डोलावतो आणि दोन बोटे जादा कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवतो. यंदाच्या जूनमध्ये शिवलेला गणवेश पुढच्या जूनमध्ये उसवला, आतली माया सोडली, की पुन्हा अंगाला बसतो. वेदान्तातली माया निराळी, आईची निराळी आणि शिंप्याची निराळी, हे खरे. पण शेवटच्या दोहोंत काही नाते असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. उद्याची वाढ आजच ओळखायची आणि तिच्यासाठी जागा राखून ठेवायची, हे दोन्हींत सारखेच आहे.

आज मी आपणांस जो इतिहास सांगणार आहे, तो संगणकातल्या अशा मायेचा आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक. संगणक हा माझा विषय नव्हे. परंतु आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक सर्व्हर आहे, म्हणजे अनेकांच्या संगणकांना एकाच जागेवरून माहिती पुरवणारे मोठे यंत्र. गावोगावच्या जुन्या घरांतून मिळालेली मोडी कागदपत्रे, बंद पडलेली नियतकालिके, जमाखर्चाच्या वह्या, या सगळ्यांची छायाचित्रे त्यात साठवलेली आहेत. वाचनकक्षात वीस विद्यार्थी एकदम बसले की ते यंत्र अगदी मेटाकुटीला येई. एक पान उघडायला इतका वेळ लागे, की मुले कंटाळून उठून जात. पुरवठा करणाऱ्या दुकानदाराने येऊन पाहिले आणि दोन वाक्यांत निकाल दिला, "यंत्र जुनं झालं, सर. नवीनच घ्या." नव्याची किंमत ऐकली आणि आमच्या समितीत वाचनकक्षच बंद ठेवावा की काय, अशी कुजबुज सुरू झाली. लोकांनी मोठ्या विश्वासाने आपल्या आजोबा-पणजोबांचे कागद आमच्या हाती दिलेले. आणि ते आम्ही कुलपात घालणार! या विचाराने मला झोप येईना. त्या यंत्राचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो. पण त्या निमित्ताने मी या यंत्रांचा भूतकाळ चाळला, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

आधी दोन शब्द समजून घेऊ. संगणकात प्रोसेसर असतो आणि स्मृती असते. स्वयंपाकघराचा दाखला घेतला म्हणजे फरक चटकन ध्यानात येईल. प्रोसेसर हा आचारी. स्मृती, जिला हल्ली सर्रास 'रॅम' म्हणतात, तो आचाऱ्यापुढचा ओटा. आणि डिस्क ही मागची कोठी. कोठी कितीही मोठी असो, ओटा जर हातभर असेल तर आचाऱ्याचा निम्मा दिवस कोठीकडे येरझाऱ्या घालण्यात जाईल. चिरलेली भाजी ठेवायला जागा करायची म्हणून मळलेली कणीक कोठीत नेऊन ठेवायची, आणि कणीक हवी झाली की भाजी आत न्यायची! आमच्या सर्व्हरचे नेमके हेच होत होते. ओटा वाढवणे म्हणजे स्मृती वाढवणे. दुसरा आचारी आणणे म्हणजे आणखी एक प्रोसेसर बसवणे. पण त्यासाठी स्वयंपाकघर बांधणाऱ्याने मुळातच थोडी जागा मोकळी सोडलेली असावी लागते. ती जागा म्हणजेच माया.

ही कथा सुरू होते अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात. तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला 'एनियॅक' हा संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आला. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत ज्या तापून लाल होत, त्याच जातीच्या. एवढ्या अवाढव्य यंत्राचा ओटा केवढा असावा? प्रत्येकी दहा अंकी अशा अवघ्या २० संख्यांचा! तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करण्यासाठी ते बांधले होते, आणि त्या कामाला तेवढी स्मृती पुरेल असा हिशेब होता. पण यंत्र कामाचे आहे असे दिसले, की माणसे त्यापुढे नवी कामे आणून टाकतात. वीस संख्यांत ती मावेनात. एनियॅक पुढे मेरीलँडमधील ॲबरडीन येथे लष्कराच्या प्रयोगशाळेत नेण्यात आला, आणि १९५३ मध्ये बरोज कंपनीने बनवलेली १०० संख्यांची चुंबकीय स्मृती त्याला जोडण्यात आली. म्हणजे सात वर्षांच्या यंत्राचा ओटा एकदम सहापट झाला. हे जमले, कारण एनियॅक हे एकसंध यंत्र नव्हते. पुष्कळशी स्वतंत्र कपाटे एकमेकांना तारांनी जोडून ते उभे केलेले होते. शेजारी आणखी एक कपाट उभे करणे शक्य होते. १९५५ च्या २ ऑक्टोबरला एनियॅक कायमचा थांबवण्यात आला. पण अखेरची दोन वर्षे त्याने वाढलेल्या ओट्यावर काम केले.

त्याच १९५३ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेत, जिला आपण एमआयटी म्हणतो तेथे, याहून मोठा पालट घडला. तेथे 'व्हर्लविंड' नावाचा संगणक होता. त्याचे काम मोठे नाजूक. आकाशातल्या विमानांची माहिती येईल तसतशी, त्याच क्षणी हिशेबात घ्यायची. त्याची स्मृती काचेच्या विद्युत्-नळ्यांत साठवलेली असे. या नळ्या भलत्याच लहरी. आज चालल्या तर उद्या रुसल्या. रोजचे चार तास त्यांच्या देखभालीतच जात. विमान काही यंत्राची दुरुस्ती होईपर्यंत आकाशात थांबणार नव्हते! तेव्हा जे फॉरेस्टर या प्रमुख अभियंत्याने निराळीच वाट धरली.

फॉरेस्टरची युक्ती अशी: लोहमिश्रित मातीची, भाजून कडक केलेली बारीक बारीक कडी घ्यायची. प्रत्येक कडे एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होऊ शकते. एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. ही कडी जाळीसारखी ओळींत मांडायची आणि त्यांतून उभ्या-आडव्या तारा ओवायच्या. उभ्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा, आडव्या तारेतून निम्मा. निम्म्या प्रवाहाने कोणतेच कडे हलत नाही. पण जेथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात तेथले एकच कडे पुरता प्रवाह मिळून उलटते. केवढी साधी आणि केवढी सुंदर योजना! त्यात आणखी एक गुण होता. वीज गेली तरी कड्यांतली चुंबकता जात नसे.

व्हर्लविंडमध्ये अशी जाळी ३२ ओळी आणि ३२ रांगांची, म्हणजे १,०२४ कड्यांची होती, आणि अशा १७ जाळ्या एकावर एक रचलेल्या होत्या. शब्द १६ अंकांचा. मग सतरावी जाळी कशाला? तर चूक झाली की नाही ते पडताळण्यासाठी. हा सतरावा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. ही नवी स्मृती आधी पारखून घेण्यासाठी केन ओल्सेन या तरुण अभियंत्याने एक निराळाच संगणक बांधला. तीत ती उतरली, तेव्हा १९५३ च्या ऑगस्टमध्ये तेथून उचलून ती व्हर्लविंडमध्ये बसवण्यात आली. यंत्र तेच, इमारत तीच, प्रोग्राम लिहिणारी माणसेही तीच. पण वेग दुपटीवर गेला, आणि स्मृतीच्या देखभालीचे दिवसाचे चार तास होते ते आठवड्याचे दोन तास झाले. संगणकाच्या इतिहासात 'यंत्र न बदलता यंत्र बदलणे' याचे इतके लख्ख उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या कड्यांमागे आणखी एक नाव आहे, ॲन वँग. हे चीनमधून अमेरिकेत शिकायला आलेले पदार्थवैज्ञानिक. कड्यातली नोंद वाचताना ती पुसली जाते. म्हणून वाचल्याबरोबर ती परत लिहून ठेवायची, ही कल्पना त्यांची. तिचे पेटंट त्यांनी १९५६ मध्ये आयबीएम कंपनीला सुमारे ५ लाख डॉलरना विकले. हे गृहस्थही आपल्याला पुन्हा भेटतील.

आणि ही कडी ओवली कोणी? हाताने, भिंगाखाली डोळे रोखून, मुख्यतः स्त्रियांनी. मोगऱ्याच्या कळ्या ओवाव्यात तशी, मोहरीएवढ्या कड्यांतून केसाएवढी तार! सुमारे वीस वर्षे जगातल्या संगणकांची स्मरणशक्ती अशी कारागिरांच्या बोटांतून आलेली होती. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे सापडत नाहीत.

आता आपल्या मुंबईकडे वळू, कारण हीच कड्यांची स्मृती लवकरच मुंबईतही तयार झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, पूर्वी संगणक बांधण्याचा अनुभव नसलेल्या तरुणांच्या एका चमूने १९५५ च्या सुमारास हे काम हाती घेतले. आधी एक लहान नमुना-यंत्र केले. ते १९५६ मध्ये चालू झाले. मग त्या अनुभवावर पूर्ण आकाराचे यंत्र बांधले, ते १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा: ८१,९२० कडी! आजच्या मोजमापात हे सगळे १० किलोबाइट भरते. आपल्या खिशातल्या फोनमधले एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. पण त्या ओट्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांची गणिते शिजली.

टिफ्रॅकची हकीकत मला दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाची वाटते. मायेलाही मर्यादा असते, हे ती शिकवते. तो चालू झाला त्या वेळी बाहेरच्या जगात निर्वात नळ्या मागे पडून ट्रान्झिस्टर आले होते. काम तर वाढतच चालले होते. तेव्हा १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आणले. त्याची स्मृती ३२ हजारांवर शब्दांची होती. दहा वर्षांच्या मुलीच्या परकरात माया कितीही ठेवली, तरी त्याची नऊवारी होत नाही. काही वेळा नवे घ्यावेच लागते. ते नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र टिफ्रॅक बांधताना जी माणसे तयार झाली, ती वाया गेली नाहीत. ते शिक्षण पुढच्या यंत्राला कामी आले.

नवे घेण्यात आणखी एक अडचण होती. नव्या यंत्राची भाषाच निराळी असे. जुन्या यंत्रासाठी वर्षानुवर्षे लिहिलेले प्रोग्राम नव्यावर चालत नसत; सारे पुन्हा लिहावे लागे. घर बदलले म्हणून सगळ्या कुटुंबाला नवी भाषा शिकावी लागावी, तसा हा प्रकार. या अडचणीवर १९६४ च्या ७ एप्रिलला आयबीएमने उत्तर जाहीर केले: 'सिस्टिम ३६०'. एकाच भाषेत बोलणारी सहा लहान-मोठी यंत्रे, आणि ८ हजार अक्षरांपासून ८० लाख अक्षरांपर्यंतची स्मृती. आज धाकटे यंत्र घ्या. धंदा वाढला की स्मृती वाढवा. आणखी वाढला की प्रोसेसर मोठा घ्या. तुमचे प्रोग्राम तेच राहतील. माया ठेवण्याची गोष्ट येथे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर, ठरवून, आराखड्यातच घातली गेली.

ही कंपनीची उदारता होती काय? छे! तो पक्का व्यापार होता. ज्याचे यंत्र वाढवता येते तो गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जात नाही. त्या काळच्या मोठ्या यंत्रांच्या धंद्यात 'सोन्याचा स्क्रू ड्रायव्हर' असा एक थट्टेचा शब्द रूढ होता. यंत्रात वेग आधीच असे, पण तो अडवून ठेवलेला. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजले की कंपनीचा माणूस यायचा, आत एखादा जोड बदलायचा आणि निघून जायचा. झाले, यंत्र वेगवान! म्हणजे कापड आधीच आत दुमडलेले, त्याचे पैसे मात्र उसवताना! माया कोणी ठेवली, एवढेच विचारून भागत नाही. उसवण्याची कात्री कोणाच्या हातात आहे, हेही विचारावे लागते.

या कात्रीचा प्रश्न आपल्या देशालाही एकदा पडला. आयबीएमचे १९५९ मध्ये आलेले १४०१ हे यंत्र हिशेबाच्या कामासाठी फार गाजले. त्याची स्मृती १,४०० अक्षरांपासून १६ हजारांपर्यंत वाढवता येई. मोठ्या स्मृतीसाठी शेजारी एक निराळी पेटीच ठेवावी लागे. परदेशात वापरून झालेली ही यंत्रे मुंबईच्या कारखान्यात पुन्हा ठाकठीक करून भारतातल्या कचेऱ्यांना भाड्याने दिली जात. यंत्र मालकीचे नव्हे, तेव्हा ते उघडण्याचा अधिकारही आपला नव्हे. पुढे परकीय भांडवलाविषयीच्या १९७३ च्या कायद्यावरून सरकारशी मतभेद झाले आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. मागे राहिलेल्या शेकडो यंत्रांची देखभाल 'सीएमसी' या सरकारी कंपनीकडे आली. आपल्या अभियंत्यांनी ती यंत्रे उघडली, समजून घेतली आणि चालती ठेवली. आपल्या तंत्रज्ञांचा हात यंत्राच्या आत निर्धास्तपणे जाऊ लागला, यात त्या काळाचा वाटा मोठा आहे.

दरम्यान कड्यांचे दिवस भरत आले होते. आयबीएममधल्याच रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ मध्ये एका नव्या स्मृतीचे पेटंट मिळवले. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा, एवढ्यात एक अंक. हा साठा गळका असतो. म्हणून दर काही सहस्रांश सेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे विसरून जायचे. कड्यांचा मोठा गुण गेला खरा. पण स्वस्ताई आणि आटोपशीरपणा इतका, की तो तोटा जगाने सोसला. १९७० मध्ये इंटेल कंपनीने अशाच, पुन्हा पुन्हा भराव्या लागणाऱ्या स्मृतीची चिप बाजारात आणली. तिच्यात १,०२४ अंक मावत. आकडा ओळखीचा वाटला ना? व्हर्लविंडच्या एका जाळीत नेमकी तेवढीच कडी होती. सतरा वर्षांत ती जाळी नखाएवढ्या तुकड्यात येऊन बसली.

मग १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्याचे झाकण उघडले तर आत काय दिसे? रिकाम्या जागा! स्मृतीच्या चिपांची एक ओळ कायमची बसवलेली आणि तीन ओळींच्या खाचा मोकळ्या. प्रोसेसरच्या शेजारी आणखी एक मोठी खाच मोकळी. तीत किचकट गणिते करणारा दुसरा मदतनीस प्रोसेसर हवा तेव्हा बसवायचा. आता कात्री गिऱ्हाइकाच्या हाती आली. पण एकेक चिप खाचेत दाबताना तिचे पाय वाकत. त्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये सगळ्या चिपा एका पट्टीवर बसवून ती पट्टीच खाचेत खोचायची युक्ती निघाली. ती काढणारी कंपनी कोणती, ठाऊक आहे? वँग लॅबोरेटरीज. कड्यांच्या स्मृतीतले आपले जुने ओळखीचे ॲन वँग, त्यांनीच स्थापलेली. आज दुकानात जी 'रॅमची पट्टी' मिळते, तिचे मूळ हे.

प्रोसेसरही मग पट्टीप्रमाणे काढता-घालता येऊ लागला. १९९२ मध्ये इंटेलने जुन्या संगणकात बसवण्यासाठी वेगवान प्रोसेसर निराळे विकायला काढले. आणि सर्व्हरमध्ये तर एकाच्या जागी दोन-दोन, चार-चार प्रोसेसर बसवण्याची सोय रूढ झाली. २००३ मध्ये एएमडी कंपनीने ऑप्टेरॉन या प्रोसेसरात एक महत्त्वाचा फेरफार केला. पूर्वी प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामध्ये एक वेगळी चिप मध्यस्थ असे. ती कामगिरी आता खुद्द प्रोसेसरच्या पोटात गेली. २००९ मध्ये इंटेलच्या सर्व्हरांनीही हीच वाट धरली. परिणाम काय? प्रत्येक आचाऱ्याचा ओटा त्याच्या त्याच्या मालकीचा झाला. वेग वाढला, पण त्याबरोबर एक नवी अडचण आली. तिची गाठ आमच्या ग्रंथालयात पडली.

आता आमच्या सर्व्हरची गोष्ट पुरी करतो. दुकानदाराचा निकाल बाजूला ठेवून आम्ही झाकण उघडायचे ठरवले. आत २४ खाचा होत्या आणि त्यांतल्या चारच भरलेल्या. मला तर हर्षच झाला. म्हटलं, केवढी ही माया! आठ गिगाबाइटच्या चार पट्ट्या आधी होत्या. आम्ही तशाच आणखी चार आणल्या. आमचे प्रयोगशाळेतले सहायक मोठे जपून काम करणारे. त्यांनी वीज तोडली, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधला, कारण आपल्या अंगात साठलेल्या विजेच्या एका ठिणगीनेही चिप मरते. मग एकेक पट्टी दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' वाजल्या. यंत्र सुरू केले. आकडा पूर्वीचाच, ३२!

"सर, पट्ट्या नीट बसल्यात, पण यंत्र त्यांना ओळखतच नाही," ते हताश होऊन म्हणाले.

"बघा तरी पुन्हा एकदा काढून," मी म्हटले. काढल्या, पुसल्या, बसवल्या. तेच!

दुकानदाराचे म्हणणेच खरे होते की काय, अशी शंका मनात डोकावली. इतक्यात माझे लक्ष झाकणाच्या आतल्या बाजूला गेले. तेथे एक नकाशा चिकटवलेला होता. जुने कागद वाचणे हा माझा धंदाच. मी चष्मा सारखा करून तो वाचू लागलो. २४ खाचांपैकी १२ एका प्रोसेसरच्या, १२ दुसऱ्याच्या. आणि दुसऱ्या प्रोसेसरची जागा रिकामी! आमच्या चारही पट्ट्या नेमक्या त्या बाजूला बसवलेल्या. ज्या ओट्याला आचारीच नाही, त्यावर आम्ही भाजी मांडून ठेवली होती. २००३ साली जो फेरफार झाला, त्याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला.

पट्ट्या उचलून पहिल्या बाजूला लावल्या असत्या तर स्मृतीचे काम तेव्हाच भागले असते. पण वीस वाचकांना एक आचारी अपुराच पडत होता. म्हणून पहिल्यासारखाच, त्याच क्रमांकाचा दुसरा प्रोसेसर आम्ही शोधला. मॉडेल जुने, त्यामुळे तो अगदी थोडक्यात मिळाला. तो बसवण्याआधी यंत्राचे मूळ चालवणारे सॉफ्टवेअर, ज्याला बायोस म्हणतात, ते नवे करून घेतले. प्रोसेसरच्या खाचेत दोन हजारांवर सोनेरी टाचण्या असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली की संपले! सहायकांनी तो चार कोपरे धरून, खुणेला खूण जुळवून, अलगद खाली ठेवला. जरासाही दाब दिला नाही. वर उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली आणि धातूचे जड हीटसिंक बसवून स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळले. पट्ट्या होत्या तेथेच राहिल्या.

यंत्र चालू केले. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटे, तीन. कोणी बोलेना. पहिल्यांदा सुरू होताना यंत्र सगळी स्मृती पारखून घेते, त्याला वेळ लागतो, हे आम्ही वाचले होते. पण वाचणे निराळे आणि त्या काळ्या पडद्यापुढे उभे राहणे निराळे! अखेर अक्षरे उमटली. प्रोसेसर दोन. स्मृती ६४. सहायकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हसून एवढेच म्हणाले, "चहा सांगू का, सर?"

दुसऱ्या दिवशी वीस विद्यार्थी वाचनकक्षात बसले आणि मोडीची पाने भराभर उलटू लागली. खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या दशांशही झाला नाही. आणि हो, त्या सतराव्या जाळीची आठवण आहे ना? आमच्या सर्व्हरच्या पट्टीवर दर ६४ अंकांमागे ८ अंक जादा आहेत. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चुका नुसत्या पकडण्याचे नव्हे, तर आपोआप सुधारण्याचे गणित मांडले. त्याच परंपरेतले हे आठ पहारेकरी. व्हर्लविंडचा सतरावा असा आमच्या ग्रंथालयात येऊन पोहोचला.

वाचकहो, ही गोष्ट मी आजच का सांगतो आहे? कारण ही माया हल्ली आटत चालली आहे. पुष्कळ लॅपटॉपांत स्मृती डाख देऊन कायमची जोडलेली असते; काहींत ती प्रोसेसरच्याच शेजारी, एकाच वेष्टनात बंद असते. त्याला कारणेही आहेत, ती नाकारू नयेत: तारा आखूड झाल्या की वेग वाढतो, वीज वाचते, यंत्र पातळ होते. पण घेताना जेवढी स्मृती घेतली तेवढीच जन्मभर. कापड सुरेख, शिवण बारीक आणि आत माया शून्य! मूल वाढले की कपडा टाकून द्यायचा. उघडता येणारे, वाढवता येणारे यंत्र आता मुख्यतः सर्व्हरच्या खोलीत आणि मेजावरच्या जुन्या पद्धतीच्या संगणकांतच उरले आहे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. शाळेसाठी, ग्रंथालयासाठी, पतपेढीसाठी यंत्र घ्यायचे असेल, तर दुकानात किंमत आणि वेग विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न जरूर विचारा. यात रिकाम्या जागा किती आहेत? आणि त्या आमच्या आम्हांला भरता येतील का? आणि कोणी "जुनं झालं, टाका" म्हणाले, तर एकदा झाकण उघडून आतला नकाशा वाचा. मागे कोणी तरी, आपले नावगावही ठाऊक नसताना, आपल्या वाढीसाठी दोन बोटे कापड आत दुमडून ठेवलेले असायचा संभव आहे. ते न पाहताच कपडा टाकून देऊ नये.